फोटोतली सूचना आणि थांबलेली पेन्शन : खानापूर तालुक्यातील एक प्रकरण

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत हे प्रकरण घडले. संबंधित स्त्रीचे, गावाचे आणि कार्यालयांचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. वरवर पाहता घटना किरकोळ आहे: एका दृष्टिहीन स्त्रीची दिव्यांग पेन्शन काही महिने थांबली आणि खटपटीनंतर पुन्हा सुरू झाली. या सगळ्यात कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी मुद्दाम अडवणूक केली नाही, आणि प्रत्येक कार्यालयाने आपापल्या नियमाप्रमाणेच काम केले. सगळे नियमाप्रमाणे होऊनही जिच्यासाठी योजना आहे तीच योजनेबाहेर कशी पडते, हे समजून घ्यायचे असेल तर असे प्रकरण बारकाईने पाहावे लागते.

या बाई पन्नाशीच्या अलीकडच्या आहेत. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकाराने त्यांची नजर आधी रात्री, मग बाजूंनी आणि शेवटी जवळजवळ पूर्णपणे गेली. त्यांच्याकडे युडीआयडीचे, म्हणजे दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राचे, निळे कार्ड आहे, म्हणजे दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून अधिक. शिक्षण गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत. कन्नड त्यांना ऐकून चांगली समजते, खानापूरच्या बाजारात बोलताही येते. वाचता मात्र नजर शाबूत असतानाही अडखळतच येत असे. पती गोव्यात हॉटेलात कामाला आहेत. घरी सासू आणि शाळकरी मुलगी. पतीने आणून दिलेला स्मार्टफोन त्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय चालू करून वापरतात, आणि भावकीतल्या कित्येक डोळसांपेक्षा सफाईने वापरतात.

सूचना अशी होती की पेन्शनधारकांनी बँक खाते आधारशी जोडून घ्यावे आणि ठरलेल्या मुदतीत गावच्या महसूल कर्मचाऱ्याकडे, ज्याला सरकारदरबारी आता वेगळे पदनाम असले तरी या भागातले मराठी लोक तलाठीच म्हणतात, पडताळणी करून घ्यावी. ती कन्नडमध्ये छापून पंचायतीच्या फलकावर लावली गेली आणि तिचा मोबाईलने काढलेला फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला गेला. पंचायतीच्या दृष्टीने सूचना दिली गेली. बाईंच्या फोनने त्या संदेशावर येऊन कोणी पाठवले त्याचे नाव, वेळ आणि “फोटो” एवढा एक शब्द उच्चारला. गटावर दिवसभरात येणाऱ्या शुभ सकाळच्या फुलांनाही फोन “फोटो” असेच म्हणतो. त्या पुढे सरकल्या.

येथे थोडे थांबायला हवे, कारण सीमाभागातला कोणीही मराठी वाचक या टप्प्यावर ‘सूचना मराठीत असती तर’ असे म्हणेल. मागणी रास्त आहे आणि तिच्याकडे पुढे यायचेच आहे. मात्र सूचना मराठीत छापून तिचा असाच फोटो टाकला असता, तरीही फोन “फोटो” एवढेच म्हणाला असता. उलट, तीच सूचना कन्नडमध्ये पण मोबाईलवर टाइप करून टाकली असती, तर फोनमध्ये कन्नड आवाज उतरवून घेतल्यावर त्याने ती वाचली असती आणि बाईंना तिचा निदान निम्मा अर्थ लागला असता. डोळ्यांनी न वाचणाऱ्याला पाटीवरची लिपी कोणती याने फरक पडत नाही; मजकूर आवाजात उतरतो की नाही आणि तो आवाज समजतो की नाही, या दोनच गोष्टींनी पडतो. (भारती ब्रेलमध्ये तर कन्नड ‘क’ आणि मराठी ‘क’ त्याच दोन टिंबांनी लिहिला जातो. पाट्यांवरून होणारी आमची सगळी भांडणे त्या सहा टिंबांच्या बाहेरची आहेत.) त्यामुळे या प्रकरणात दोन अडथळे एकावर एक बसलेले दिसतात. मजकूर चित्राच्या रूपात असणे हा पहिला, आणि तो कार्यालयीन कन्नडमध्ये असणे हा दुसरा. पहिला अडथळा दिव्यांग कल्याण खात्याच्या विषयात मोडतो, दुसरा भाषिक अल्पसंख्याकांच्या, आणि दोन्ही एकाच वेळी ज्या व्यक्तीवर येऊन पडतात ती दोन्ही खात्यांच्या फायलींमधल्या फटीत सापडते.

पेन्शन थांबल्याचे बाईंना बँकेचा संदेश न आल्यामुळे कळले. “माझा पगार का थांबला?” एवढाच प्रश्न घेऊन त्या मुलीला शाळा बुडवायला लावून नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात, गेल्या. कचेरीच्या दाराशी चार पायऱ्या आहेत आणि कडेला एक उतरण आहे, जिला सगळे रॅम्प म्हणतात. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२ असावा, म्हणजे जोते दोन फूट उंच असेल तर उतरण निदान चोवीस फूट लांब हवी, हे केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले आहे. येथली उतरण त्याच्या निम्मीही नाही, कठडा एकाच बाजूला आहे, आणि पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते. बाई पायऱ्यांनीच चढल्या. दृष्टिहीन व्यक्तीला रॅम्पपेक्षा कठड्याची गरज असते, ही गोष्टही बांधकाम करणाऱ्याला कोणी सांगितलेली दिसत नाही. अशी मानके पाळणे आजवर ऐच्छिकच ठरत आले होते. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमक्या याच ढिलाईवर बोट ठेवले. सुगम्यतेची मानके केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखालच्या २०१७च्या नियमावलीतला १५वा नियम त्या मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवून, पाळणे बंधनकारक असलेली किमान मानके तयार करण्याचा आदेश न्यायालयाने केंद्राला दिला.

नाडकचेरीने बँकेकडे पाठवले. बँकेने आधार जोडणीच्या अर्जावर अंगठा चालेल पण ओळखीचा साक्षीदार आणा, असे सांगितले. बाई सही करतात. नजर गेल्यानंतरही हाताच्या सवयीने त्यांची सही पूर्वीसारखीच उमटते. दृष्टिहीन ग्राहकांना बँकिंगच्या सर्व सोयी भेदभाव न करता द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच बँकांना कळवलेले आहे, पण काउंटरवरच्या तरुण कर्मचाऱ्याला ते ठाऊक नव्हते आणि बाईंनाही नव्हते. साक्षीदार शोधण्यात तो दिवस गेला. जोडणी झाल्यावर पुन्हा नाडकचेरी. तेथे पेन्शन पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज द्यावा लागेल असे कळले. मुलीने शाळेच्या वहीच्या कागदावर मराठीत अर्ज लिहून दिला. तो “कन्नडमध्ये लिहून आणा” असे सांगून परत केला गेला.

हे परत करणे कायद्याला धरून नव्हते. राज्यघटनेच्या ३५०व्या कलमानुसार कोणाही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेतून कोणत्याही अधिकाऱ्यापुढे मांडता येते. कर्नाटकात मराठी वापरली जाते की नाही हा वादाचा मुद्दा होऊच शकत नाही. उत्तर कन्नडमध्ये मिळेल, ते वेगळे. अर्ज मात्र घ्यावाच लागतो. हे कलम सीमाभागात पुष्कळांना माहीत आहे, निवेदनांत ते उद्धृतही होते. पण एखाद्या बाईचा पेन्शनचा अर्ज परत जातो तेव्हा खिडकीशी उभे राहून त्या कलमाची आठवण करून देणारा माणूस तेथे नसतो.

प्रकरण पुढे सरकले ते पंचायतीच्या ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्त्यामुळे. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर दिव्यांगांसाठी मानधनावर काम करणारी, सरकारी बोलण्यात व्हीआरडब्ल्यू म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था आहे, आणि या पदांवर बहुधा दिव्यांग व्यक्तीच नेमल्या जातात. देशभरात अनुकरण व्हावे अशी ही कर्नाटकाची सोय आहे, हे सीमाभागातल्या मराठी माणसाने मोकळेपणाने म्हणायला हवे. येथला कार्यकर्ता पोलिओमुळे एका पायाने अधू, घरची भाषा मराठी, शिक्षण पुढे कन्नड माध्यमातून. त्याने अर्ज कन्नडमध्ये लिहिला, बाईंना मराठीत वाचून दाखवला, त्यांच्या सांगण्यावरून एक वाक्य बदलले आणि मग सही घेतली. शिवाय त्याने बाईंच्या फोनमध्ये कन्नड आवाज उतरवून दिला. पेन्शन पुढच्या फेरीत सुरू झाली. मधल्या महिन्यांच्या थकबाकीचा काही भाग आला, काही आला नाही, आणि न आलेल्या भागाचे कारण कोणत्याही भाषेत मिळालेले नाही.

बहुतेक प्रकरणे येथे संपतात, कारण माणसाचे काम झालेले असते. या बाईंनी मात्र कार्यकर्त्याला विचारले की गावात आणखी कोणाकोणाची पेन्शन थांबली आहे. यादी काढल्यावर कळले की थांबलेल्यांत बहुतेक जण असे होते ज्यांना सूचना पोहोचलीच नव्हती: एक कर्णबधिर गवंडी, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची विधवा आई, कुष्ठरोगातून बरा झालेला एक वृद्ध. या वृद्धाच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नव्हते, आणि येथली पडताळणी ठशांवरूनच होत होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, १९९५च्या कायद्यात ते ७ होते. कुष्ठरोगमुक्त व्यक्ती दोन्ही कायद्यांत आहेत. पडताळणीची पद्धत ठरवताना या २१ प्रकारांतल्या एकेका माणसाला डोळ्यांसमोर आणून ‘हा ही पायरी कशी पार करील’ असे विचारले गेले असते, तर ठशांऐवजी दुसरी सोय परिपत्रकातच लिहिली गेली असती. डोळे मिचकावून ओळख पटवण्याची अट पूर्ण करू न शकणाऱ्या आम्लहल्लापीडितांच्या आणि एका दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी हेच सांगितले. डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ओळख पटवण्याची पद्धत दिव्यांगांना जमेल अशी ठेवणे हे शासनाचे काम आहे.

पंचायतीपुढे विषय गेला तो वेगळ्याच निमित्ताने. स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात आणि आजवर त्यातून दरवर्षी काही वस्तूंचे वाटप होत असे. कोणाला काय हवे हे विचारण्याची प्रथा नव्हती. प्रेशर कुकर आले त्या वर्षी एकट्या राहणाऱ्या अंध वृद्धालाही कुकरच मिळाला. यंदा कार्यकर्त्याने आग्रह धरला की खर्च ठरवण्याआधी दिव्यांगांची बैठक घ्यावी. बैठक मराठीत झाली, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब मूळचे धारवाडकडचे असूनही मोडक्यातोडक्या मराठीत बोलले, आणि इतिवृत्त कन्नडमध्ये लिहिल्यावर सह्यांपूर्वी ते मराठीत वाचून दाखवावे ही अट त्यांनी मान्य केली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क करारनाम्याच्या चौथ्या कलमात, म्हणजे भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी स्वीकारलेल्या मजकुरात, दिव्यांगांविषयीची धोरणे ठरवताना त्यांच्याशी सल्लामसलत करण्याचे जे बंधन आहे, त्याचे या पंचायतीतले रूप एवढेच: चटईवर बसलेली पंधरा-वीस माणसे, आणि शेवटी मोठ्याने वाचलेले दोन कागद.

बैठकीत वाटपाऐवजी तीन कामे ठरली. पंचायतीच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा. प्रत्येक सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसोबत टाइप करून टाकणे. आणि प्रत्येक सूचनेचा आशय कन्नड व मराठी दोन्ही भाषांत एक-एक मिनिटाच्या बोलक्या संदेशात सांगणे. जे गटावर नाहीत त्यांच्यासाठी हाच संदेश सकाळी दूध घालायच्या वेळी डेअरीवर लावायचा. दुसऱ्या कामात एक गंमत निघाली. टाइप करण्याऐवजी पीडीओंनी संगणकावरची मूळ फाइलच पाठवली, तेव्हा बाईंच्या फोनने तुटक इंग्रजी अक्षरांची बडबड सुरू केली. कारण फाइल नुडी या कन्नड टंकलेखन प्रणालीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली होती, जो सगळ्या यंत्रांना अक्षरे ओळखता येतील अशा युनिकोड या संकेतपद्धतीच्या आधीचा आहे. तिच्यात पडद्यावर कन्नड दिसते, पण यंत्राच्या लेखी ती अक्षरे कन्नड नसतातच. मोबाईलच्या कळफलकावर टाइप केलेला मजकूर आपोआप युनिकोडमध्ये असतो, म्हणून तोच पाठवायचे ठरले. कार्यालयीन कागद युनिकोडमध्येच असावा एवढी एक ओळ राज्य पातळीवरून कडकपणे पाळली गेली, तर कर्नाटकातल्या कन्नड, मराठी, उर्दू, तुळू सगळ्या घरांतल्या दृष्टिहीनांचे काम हलके होईल. ही सगळ्यांच्या उपयोगाची मागणी आहे.

तिसऱ्या कामाबाबत पीडीओंना धास्ती होती, आणि ती समजण्यासारखी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादात मराठीतला कोणताही सरकारी कागद येथे दोन्ही बाजूंनी राजकीय निशाणीसारखा पाहिला जातो, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याची सावली पंचायतीच्या फलकापर्यंत पोहोचते. बोलक्या संदेशाने ती अडचण सुटली: अधिकृत सूचना कन्नडमध्येच राहिली आणि मराठी ही तिची मदतीची वाट ठरली. माझ्या मते ही युक्ती चांगली असली तरी तिच्यावर समाधान मानता येणार नाही, कारण ती एका अधिकाऱ्याच्या सदिच्छेवर उभी आहे आणि त्याच्या बदलीच्या आदेशाबरोबर संपू शकते.

ती सदिच्छेवर सोडण्याची गरजही नाही. २०१६च्या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात ‘संवाद’ या संज्ञेत ब्रेल, खुणांची भाषा, मोठी अक्षरे, सोपी भाषा, वाचून दाखवणारा माणूस यांच्या जोडीला ‘भाषा’ हीही गोष्ट स्पष्टपणे घातलेली आहे, आणि अडथळ्यांच्या व्याख्येत संवादविषयक, सांस्कृतिक व संस्थात्मक अडथळेही मोडतात. म्हणजे मराठी दिव्यांगाला त्याला समजणाऱ्या भाषेत माहिती देणे हे भाषिक सवलतीचे प्रकरण म्हणून न पाहता वाजवी सोयीचे प्रकरण म्हणून मागता येते, आणि वाजवी सोय नाकारणे हा त्या कायद्यात भेदभाव आहे. त्याच्या जोडीला भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र व राज्यांनी मान्य केलेल्या संरक्षणांत, ज्या जिल्ह्यात, तालुक्यात वा नगरपालिका क्षेत्रात अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात असे ठरलेले आहे. खानापूर तालुक्यातले मराठी भाषकांचे प्रमाण त्याच्या कितीतरी पुढे आहे. या संरक्षणांवर देखरेखीसाठी भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत. अधिनियमाच्या ७२व्या कलमानुसार जिल्हा पातळीवर दिव्यांगांच्या प्रश्नांसाठी समिती असायची असते. ही दोन दारे असूनही एकच अर्ज दोन्हीकडे दिला गेल्याचे उदाहरण या कामात असलेल्या कोणाला आठवत नाही.

दोष केवळ शासनाचा नाही. मराठी परिपत्रकांसाठी गेली कित्येक दशके जी निवेदने दिली गेली त्यांत शेतकरी, विद्यार्थी, मतदार यांचा उल्लेख असतो. ज्याला परिपत्रक मराठीत मिळूनही वाचता येणार नाही त्याचा जवळजवळ नसतो. आमच्या सभा आजही जिना चढून जायच्या सभागृहांत होतात. आणि हा प्रश्न एकतर्फी मांडणेही बरोबर नाही: जत किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या कन्नड घरातली अशीच एखादी बाई मराठी सूचनेच्या फोटोपाशी याच प्रकारे अडणार आहे, आणि येथे मागितलेली सोय तिला तेथे मिळावी असे आपण म्हणणार नसू तर मागणीचा पाया कच्चा राहतो.

शासनाला दारापर्यंत जाणे जमत नाही, असेही नाही. कर्नाटकातल्या २०२३च्या विधानसभा निवडणुकीत ८० वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदान करता आले. अर्ज घेऊन कर्मचारी घरी आले, मतपत्रिका घेऊन घरी आले. या बाईंनीही तेव्हा घरीच मत दिले होते. पेन्शनची पडताळणी मात्र वर्षानुवर्षे उलट्या दिशेने चालते.

पंचायतीच्या तीन कामांनी कर्णबधिर गवंड्याचा प्रश्न सुटलेला नाही, हे नोंदवणे आवश्यक आहे. बोलका संदेश त्याला निरुपयोगी. टाइप केलेली कन्नड त्याला वाचता येत नाही. मराठी तो थोडीफार वाचतो, कारण त्याने दोन वर्षे मराठी शाळेत अक्षरे गिरवली होती, ती ऐकू न येताच. खुणांची प्रमाण भाषा त्याला कोणी शिकवली नाही, घरातल्या खुणा घरातच कळतात, म्हणून शहरातून दुभाषी बोलावला तरी दोघांत किती संवाद होईल ही शंकाच आहे. कार्यकर्त्याने सुचवलेला उपाय असा: सूचनेचे मराठीत चार-पाच लहान वाक्यांत रूपांतर, सोबत बँकेचे, आधार कार्डाचे आणि तारखेचे चित्र, आणि तो कागद आशा कार्यकर्तीने हातात नेऊन देणे. हा मजकूर छापील आणि मराठीत असल्यामुळे त्याला बोलक्या संदेशाची पळवाट लागू पडत नाही. पीडीओंनी त्यासाठी तालुका पंचायतीकडे लेखी मार्गदर्शन मागितले आहे, आणि कार्यकर्त्याने त्याच अर्जाची एक प्रत जिल्हा समितीकडे व दुसरी भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या कार्यालयाकडे, कन्नड आणि मराठी दोन्ही मजकुरांसह, पोच घेऊन दिली आहे. पेन्शनच्या पुढच्या पडताळणीची सूचना निघेल तोवर उत्तर आले नाही, तर कागद छापायचा आणि खर्च ५ टक्क्यांच्या निधीत दाखवायचा, असा ठराव इतिवृत्तात घेतलेला आहे.